आईचा गुरुवारचा ब्लाउज

थांबा गं, मध्ये बोलू नका, नाहीतर मला सांगताच यायचं नाही.

आमच्या आईचा तो लाल ब्लाउज माहितीये ना, चर्चच्या महिला संघाचा? गुरुवारच्या प्रार्थनेला घालतात तो. बाबा गेल्यावर तेवढंच तिचं होतं. वेगळ्या बादलीत धुवायचा, सावलीत वाळवायचा, आणि तो वाळत असला की घरात सुकी मासळी शिजवायची नाही, वास लागतो म्हणून. माझी मोठी बहीण शुवाई एकदा म्हणाली, "आई, घराला आग लागली तर आधी कुणाला बाहेर काढशील, मला की ब्लाउजला?"

आई म्हणाली, "तुला पाय आहेत की."

केवढ्या हसलो होतो आम्ही.

मग शुवाईला दिवस गेले. लग्न नाही, काही नाही, पोरगा साउथ आफ्रिकेला पळालेला. आणि संघाचा नियम असा, की घरातली पोर लग्नाआधी गरोदर राहिली तर आईचा ब्लाउज सहा महिने चर्चमध्ये जमा. सगळ्यांसमोर घडी घालून द्यायचा. आई रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्याच दिवशी शुवाईला बसने लांब गावाकडे, बुहेराला आत्याकडे सोडून आली. शेजारणींना सांगितलं, आत्याचे गुडघे दुखतात, मदतीला गेलीये. मीही तेच सांगत सुटले. लाल ब्लाउजवालीची मुलगी म्हणून पुढच्या बाकावर बसायला मलाही आवडायचं ना.

आठव्या महिन्यात आत्याचा फोन आला. "वहिनी, पोरीचे पाय सुजलेत, डोकं धरून बसलीये. इथून दवाखाना लांब. घेऊन जा तिला."

"शुक्रवारपासून ईस्टरचं संमेलन आहे," आई म्हणाली. "सगळ्या बायका घरी येणार. सोमवारी येते."

"आणि तोवर?"

"देव आहे ना."

कुठला, ते मी विचारायला हवं होतं. रविवारी मी लहान पोरांना सोन्याच्या वासराची गोष्ट शिकवते, देव सोडून लोक त्यालाच पुजायला लागले ती, आणि तेव्हा मी मात्र येणाऱ्या बायकांसाठी कप पुसायला घेतले.

सोमवारी संमेलनातून तशाच निघालो, आईच्या अंगावर ब्लाउज. पोचलो तर शुवाई भिंतीला टेकून बसलेली. मूल रविवारीच झालं होतं, मेलेलंच. आम्ही तिकडे तो उठला, मेलेल्यांतून उठला म्हणून गात होतो तेव्हा.

एवढ्याशा बाळांना नदीकाठच्या ओल्या मातीत पुरतात, म्हाताऱ्या बायकाच जातात. दोघी आल्याही होत्या. आत्या गुंडाळायला कापड शोधत होती. आईने एकदम बटणं काढायला घेतली. "ह्यात गुंडाळा त्याला."

"राहू दे, आई," शुवाई म्हणाली, अगदी हळू. "मातीने खराब होईल."

आणि तिने स्वतःच्या कमरेला गुंडाळलेलं फडकं सोडून आत्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्या बाळाला घेऊन गेल्या. आई तशीच उभी, दोन बटणं उघडी.

त्या गुरुवारी आईने आपणहून सगळ्यांसमोर सगळं सांगितलं आणि ब्लाउज घडी घालून देऊन टाकला. आता घरात काही लपवायचं उरलं नाही. आई शुवाईला रोज फोन करते, ये म्हणते. शुवाई नीट बोलते, जेवलीस का विचारते.

पण आली नाही अजून.