बहात्तराव्या वर्षाची साक्ष

वेरदेना गावात माणसाची किंमत वयावरून ठरे, आणि वय आवाजावरून. गुरागे मुलखाच्या त्या डोंगरउतारावर जन्माची नोंद ही अलीकडची वस्तू. त्याआधी जन्मलेल्यांनी आपले वय पावसाळ्यागणिक, दुष्काळागणिक आणि सोयीगणिक स्वतःच वाढवत आणले होते. गावाच्या मधोमध रुंद, हिरवी वाट होती. तिच्या कडेला, रानउंबराखाली, पंचांची बैठक भरे. सर्वांत थोरल्याला पहिली तिवई, त्याच्याहून धाकट्याला दुसरी, आणि साठीच्या आतल्यांना गवत. पहिल्या तिवईवरचा माणूस बोलू लागला की बाकीचे खोकतसुद्धा नसत.

त्या शनिवारी पंचांपुढे एका गाईचा खटला होता. तिने शेजारणीच्या परड्यातल्या तीन रानकेळी आडव्या केल्या होत्या. रानकेळ म्हणजे थोडेथोडके धन नव्हे. सहा वर्षे वाढवावी, तिचा कांदा खड्ड्यात आंबवावा, तेव्हा कुठे त्याची भाकरी ताटात पडते. पण गाय राहिली बाजूला. एरवी पहिल्या तिवईवर बसणारा नुर्गा पोचण्याआधीच बेर्गिचो येऊन तिच्यावर बसला होता.

"ऊठ," नुर्गा म्हणाला.

"का म्हनून? सत्तरी वलांडलीय म्या."

"मला बहात्तर हायत."

"कुनी मोजली? तुज्या आईनं? मग ती बोटं सरल्यावं काय मोजत व्हती?"

गवतावरची तरणी मंडळी हसली. नुर्गा हसला नाही. त्याने सावकाश काठी टेकली आणि आपला हुकमी पत्ता टाकला.

"पिवळ्या मरनाचं साल आठवतंय का तुला?"

साठ वर्षांपूर्वी नदीच्या खोऱ्यात माणसे हळदीसारखे डोळे होऊन, काळी ओकारी करून मेली होती. त्या साली बेर्गिचो अंगावर पीत होता, हे त्याच्या आईने मरेपर्यंत गावभर सांगितलेले. तो उठला. नुर्गा बसला आणि शंभरदा सांगितलेले पुन्हा सांगू लागला, की त्या साली आपण बारा वर्षांचे होतो, आपलेही डोळे पिवळे झाले होते, आणि झाडाच्या सालीचा काढा पिऊन आपण चौथ्या दिवशी गुरांमागे गेलो होतो.

यातले एक अक्षर खरे नव्हते. त्या साली बारा वर्षांचा होता तो त्याचा थोरला भाऊ, आणि तो गुरांमागे गेला नव्हता. नुर्गा त्यानंतर तीन वर्षांनी जन्मला. आईच्या रडण्यातून जेवढा भाऊ गळून खाली पडला, तेवढाच त्याला मिळाला: त्याची तहान, त्याचा काढा, त्याचे पिवळेपण. पुढे पोरका होऊन तो नदीअलीकडे आला, तेव्हा वेरदेनात त्याला ओळखणारे कोणी नव्हते. भावाची न जगलेली वर्षे उगीच पडून होती. ती त्याने अंगावर ओढून घेतली. केस लवकर पिकले आणि त्यांनी खोट्याला दुजोरा दिला.

घरी बायकोला, झेरितूला, सगळे ठाऊक होते. "बैठकीला जाताना म्हातारा आसतो," ती चुलीला सांगे, "आन् भाकरीला येताना तरना. वाटंत कुटं वय काडून ठिवतो कुनास ठावं."

मग पाऊस लागला. धुके डोंगरावरून उतरून माणसांच्या बोलण्यात शिरले. रानकेळीच्या रुंद पानांच्या बगलांत पाणी साचले, आणि त्या पाण्यावर संध्याकाळी एक बारीक, न थांबणारा सूर धरला गेला. त्याच आठवड्यात वुदे या विधवेचा एकुलता मुलगा, एकोणीस वर्षांचा तेनकिर, नांगर सोडून घरी आला आणि निजला. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले.

गाव म्हणाले, पाखरू लागले. डोक्यावरून पाखरू उडत जावे, त्याची सावली कपाळावर पडावी, की डोळे पिवळे. आणि पाखरू उतरवणारा दामा टेकडीवर राहत होता, हे पोरासोरांनाही ठाऊक. टेकडीखाली सरकारचे आरोग्यकेंद्र होते, तिथे असकाले नावाची मुलगी बसे. तिच्याकडे दर आठवड्याला एक कागद असे: ताप आणि पिवळे डोळे असलेले किती? पिवळ्या डोळ्यांची माणसे टेकडी चढून जात, उतरून तिच्याकडे कोणी येत नसे, म्हणून ती शून्य लिही. वरच्या कचेरीला ते शून्य फार लाडके. त्याला उशीर झाला तर बोलणी बसत. वेळेवर पोचले तर ते कोणी वाचत नसे.

तेनकिरचे कानावर येताच असकाले स्वतःच वुदेच्या दारात गेली. याला इस्पितळात न्यायला हवे, आधी रक्त घ्यायला हवे, म्हणाली. वुदेने दारात जमलेल्या पंचांकडे पाहिले. पंचांनी पहिल्या तिवईच्या माणसाकडे पाहिले.

"ताप येतो, डोळं पिवळं व्हत्यात," नुर्गा म्हणाला. "दामा साल पाजतो, मानूस उठतं. म्या सवता उठलोय. सुई टोचली की पाखरू रगतात उतरतं. मग त्येला काडायचं कुनी?"

वुदेने मुलाला टेकडीवर नेले. पाचव्या दिवशी तेनकिरला काळी ओकारी झाली आणि सहाव्या दिवशी गावाने खड्डा खणला. मातीची पहिली मूठ रिवाजाप्रमाणे सर्वांत थोरल्याने टाकली.

तीन आठवड्यांत असे चार खड्डे झाले. मग बेर्गिचोची सून तापली, आणि बेर्गिचोने तिला टेकडीवर न नेता असकालेपुढे बसवून तिचा दंड पुढे केला. गावाला वाटले, याला अक्कल आली. त्याला अक्कल आलेली नव्हती. रक्ताने नुर्गा खोटा पडणार असेल तर सुनेचे रक्त त्याला महाग नव्हते. बर्फाच्या डब्यातून ते राजधानीला गेले. सून जगली. आणि तिकडून उत्तर आले की हे पाखरू नव्हे, हा पीतज्वर आहे, आणि तो डासाच्या सोंडेतून येतो.

मग मात्र वरच्या कचेरीला वेरदेना कुठे आहे ते सापडले. गाड्या आल्या. एक शहरी डॉक्टर परड्यांतून हिंडला, पानांच्या बगलांत विजेरी मारून पाहू लागला, आणि हे साचलेले पाणी काढायला हवे, म्हणाला. झेरितूने त्याला परडे दाखवले. "तीनशे झाडं, सायेब. येकेका झाडाला दहा-बारा बगला. पुसून घ्यायला म्या तयार हाय, पर तेवडं टावेल सरकार देनार का?" डॉक्टरने विजेरी विझवली आणि आपले लोक गावात जुना माणूस शोधायला पाठवले, आधीची साथ पाहिलेला. सगळ्यांनी एकच घर दाखवले.

नुर्गाने आपली कहाणी सांगितली. इतक्या आस्थेने ती आजवर कोणी ऐकली नव्हती. डॉक्टरने ती लिहून घेतली, त्याचा हात हातात घेतला.

"आबा, हा ताप एकदा येऊन गेलेल्याला पुन्हा येत नाही. तुम्हांला लसीची गरजच नाही. शिवाय साठीच्या पुढच्यांना ती सोसेलच असे नाही, म्हणून आम्ही नऊ महिन्यांपासून साठ वर्षांपर्यंतच देतोय. तुम्ही फक्त लोकांना आशीर्वाद द्या."

नुर्गाने मान डोलावली. ज्या वर्षांवर तो इतकी वर्षे बसला होता, ती आता त्याच्या छातीवर बसली.

लसीला तीन दिवस अवकाश होता, आणि त्या तीन दिवसांत वेरदेनातले म्हातारे असे भराभर तरुण झाले की तसे औषध दामाच्या बापजन्मी नव्हते. कोणी कमरेत सरळ झाला. कोणाला अचानक आठवले की आपण दुष्काळानंतर जन्मलो, आधी नव्हे. बेर्गिचोने दाढी उतरवली आणि तो एकोणसाठचा झाला; सुनेच्या पिवळ्या डोळ्यांत एकदा पाहिल्यावर सत्तरीचा मोह कुणाला राहील? पहिल्या तिवईवर आता कोणाचाच दावा नव्हता. नुर्गा तिच्यावर एकटा होता.

त्याच्या डावीकडच्या घरातला पन्नाशीचा माणूस गुरुवारी तापाने गेला. त्यानंतर नुर्गा सकाळ-दुपार झेरितूपुढे डोळे ताणून उभा राहू लागला.

"बग गं. पिवळं दिसत्यात का?"

"डोळं पांडरंच हायत," झेरितू म्हणाली. "जीभ तेवडी पिवळी."

"बायको हायस का वैरीण?"

"सत्तावन्नच्या नवऱ्याची बायकू हाय. बहात्तरच्याची इधवा व्हायाची माजी तयारी न्हाय. जावा, सांगा त्येस्नी."

"चार मानसांत?"

"चार मानसांतच घातलंत न्हवं ते प्वार मातीत?"

लसीच्या दिवशी ऊन पडले. हिरव्या वाटेवर रांग लागली, ती गावाच्या दोन्ही टोकांना पुरली. शेजारच्या वाड्यांतलेही येऊन घुसले. टेबलाशी असकाले नावे लिहून टोचत होती, बाजूला डॉक्टर. नुर्गा आशीर्वाद द्यायला उभा होता. आशीर्वाद देता देता तो तीनदा टेबलापर्यंत गेला आणि पाणी मागून परत आला. चौथ्यांदा त्याने सदऱ्याची बाही वर केली.

असकालेने वही पाहिली. "आबा, तुमचे बहात्तर लिहिलेत. आणि आजार होऊन गेलेला, असेही."

"खोड."

"काय खोडू?"

"दोनी. सत्तावन्न लिव्ह."

रांगेत आधी कुजबुज झाली, मग हशा. बेर्गिचोचे टोचून झाले होते, दंड चोळत तो म्हणाला, "म्हंजी दोन वरसांनी थोरला मीच की. चल, पाया पड." हशा रांगेच्या शेपटापर्यंत पोचला आणि परत आला. डॉक्टर हसला नाही. त्याने विचारले, मग त्या सालचा तुमचा ताप?

"त्यो भावाला आला व्हता. म्या तवा जलमलोच न्हवतो."

रांगेत सातव्या जागी वुदे उभी होती. ती रांग सोडून पुढे आली. तिचा आवाज चढला नाही.

"काडा पेला व्हता का त्यानं?"

नुर्गाला खोटे सुचले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

"पेला व्हता."

"मग?"

"पाचव्या दिशी ग्येला."

वुदेने त्याच्याकडे इतका वेळ पाहिले की असकालेच्या हातातली सुई तशीच राहिली. मग ती मागे वळून आपल्या सातव्या जागी जाऊन उभी राहिली. सुई नुर्गाच्या दंडात गेली. ती किती बारीक होती.

संध्याकाळी हिशेब झाला: वेरदेनातल्या दर शंभर माणसांमागे एकशे तीन जणांना लस मिळाली. वरच्या कचेरीला तो आकडा शून्याइतकाच आवडला.

पुढच्या शनिवारी सगळ्या तिवया रिकाम्या होत्या. साठीच्या वरचा एकही पुरुष गावात उरला नव्हता. पंच गवतावर बसले, आणि गवताला पहिले-दुसरे नसल्यामुळे सगळे मोकळेपणी खोकले. त्या बैठकीत वुदे आली. बायका तिथे येत नसत, पण तिला थोपवायला लागणारे वय कोणापाशीच नव्हते. नुर्गाला वाळीत टाका, त्याच्याकडून गाय घ्या, असे सल्ले आजूबाजूने आले. तिने ते ऐकून घेतले.

"गाय न्हाय पायजे," ती म्हणाली. "पाऊस सरंस्तवर ह्यानं दामाच्या वाटंवं बसावं. पिवळ्या डोळ्यांचं येनारं दरेक मानूस असकालेकडं धाडावं. म्या समूर बसनार. ह्यो काय बोलतो त्ये म्या ऐकनार."

दामाने धंदा बुडाल्याची हाकाटी केली. पंचांनी त्याला खोकून गप्प केले.

नुर्गा बसू लागला. समोर, रस्त्यापलीकडे, वुदे टोपली विणत बसे. वेरदेनातून आता कोणी येत नव्हते. येत ते वरच्या डोंगरातले, जिथे गाड्या अजून पोचायच्या होत्या. पहिल्या दोघांना त्याने खरे ते सांगितले, आणि ते त्याला ओलांडून टेकडी चढले. त्यांतला एक दोन दिवसांनी झोळीतून उतरला. झोळीवर कापड होते. वुदे टोपली विणत राहिली, पण त्या दिवशी तिने विणलेले सगळे उसवले.

तिसरा माणूस खेचर घेऊन आला. खेचरावर त्याचा भाऊ पोत्यासारखा ओणवा पडलेला. भावाने मान उचलली, आणि नुर्गाला ते डोळे दिसले.

"दामाकडं नगा जाऊ," नुर्गा म्हणाला. "खाली असकाले हाय, तिच्याकडं न्या. ती गाडीनं इस्पितळात धाडंल."

"वय काय तुजं?"

"सत्तावन्न."

"मंग तुला काय ठावं? आमच्या गावात ऐंशीचा म्हातारा हाय, त्येनं धाडलंय." आणि त्याने दोर ओढला.

नुर्गाने वुदेकडे पाहिले. तिचे हात थांबले होते. तो उठला, काठी टेकली, आणि बैठकीत ऐकू येई तो जुना, खोल आवाज त्याने कुठून तरी वर काढला.

"थांब. बहात्तर हायत मला."

"आत्ता सत्तावन्न म्हनलास."

"साठीच्या वर टोचत न्हाईत. टोचून घ्याया कमी सांगितलं."

ही लबाडी त्या माणसाला लगेच पटली. ती त्याच्या गावच्या म्हाताऱ्यांच्याही अंगाला बरोबर बसली असती. तो दोर धरून उभा राहिला.

"पिवळ्या मरनाचं साल ह्या डोळ्यांनी बगितलंय म्या," नुर्गा म्हणाला. "बारा वरसांचा व्हतो. काडा पेलेला येक बी उठला न्हाय. येक बी."

माणसाने त्याचे पांढरे केस पाहिले. मग रस्त्यापलीकडे पाहिले.

"खरं सांगतो का गं ह्यो म्हातारा?"

वुदेने टोपली खाली ठेवली.

"खरं हाय," ती म्हणाली. "आमच्या गावात ह्येच्यापरीस थोरलं कुनी न्हाय."

माणसाने खेचराचे तोंड उताराकडे वळवले.