गोदामाच्या जिन्यातला गुळगुळीत पट्टा

पहिलीच्या मुलांना जुन्या धान्यगोदामात नेणं म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी, असं मुख्याध्यापिकाबाईंचं मत होतं. "आज मी येते सोबत, सर. मुलं काही शिकली नाहीत, तर ही शेवटची सहल," असं त्यांनी सकाळीच बजावलं. आजोबासरांनी नुसती मान डोलावली. पोरं त्यांना याच नावाने हाक मारायची. या बाईही एकेकाळी त्यांच्याच वर्गात, पुढच्या बाकावर, नाक वर करून उत्तरं द्यायच्या.

गोदामाच्या अरुंद दगडी जिन्यात सर थांबले. भिंत सगळी खडबडीत. मुलांच्या खांद्याच्या उंचीवर मात्र एक पट्टा चकचकीत, गुळगुळीत.

"हा कुणी घासला असेल बरं?"

"गाईनं," खारूताई म्हणाली. ही कधी एका जागी उभी राहत नसे, म्हणून हे नाव.

"गाय जिना चढते होय गं?"

"मग बुटक्या माणसांनी," ढब्बू ठामपणे म्हणाला. "पूर्वी सगळे बुटकेच असायचे."

"ऐका," बाई सरांच्या कानाशी पुटपुटल्या. "हे मी वर्गात पाच मिनिटांत सांगितलं असतं."

"मग सांगून टाका की."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "ते... दमट हवेनं होतं."

"हवा बुटकी होती?" खारूताईने विचारलं.

सरांनी खोकल्याचं निमित्त करून हसू लपवलं. "बरं, इथे पोती वर कशी जायची?"

"माणसांच्या पाठीवरून," ढब्बू म्हणाला.

"मग चढवून बघू एक माणूस. पाठ कुणाची घ्यायची?"

सगळ्या माना एकदमच वळल्या.

"सर, मी मुख्याध्यापिका आहे."

"म्हणून तर. एक-दोन दप्तरं तुम्हाला शोभायची नाहीत."

पोरांनी हौसेने बाईंच्या पाठीवर दप्तरांचा ढीग रचला आणि मागून धरून ठेवला. बाई कंबरेत वाकून चढू लागल्या. थोडं वर गेल्यावर तोल गेला, आणि हात आपसूक भिंतीवर पडला. नेमका त्या पट्ट्यावर.

पोरं त्या हाताकडे बघू लागली.

"बुटके नव्हते," ढब्बू हळूच म्हणाला. "वाकलेले होते."

बाईंनी हात उचलला नाही. "किती जणांचे हात लागले असतील हो, सर?"

"तुमचा धरून?"

"दप्तरं काढू का?" खारूताईने विचारलं.

"थांब गं. वरपर्यंत जाऊ दे." बाई पुढची पायरी चढल्या आणि मान न वळवताच म्हणाल्या, "सर, पुढच्या आठवड्यात दुसरीच्या मुलांना आणा. पाठ मात्र तुमची."