जिवलीचा तपकिरी पंप

माझी बायको जिवली जाऊन दोन पावसाळे झाले. काविळीने गेली. लोक अजून म्हणतात दम्याने गेली, म्हणून हे लिहितो. दम्याला तिने छातीवर बसू दिलं नव्हतं.

आमचा पाडा डोळखांबच्या वरच्या अंगाला. जिवली लग्नात धवळे गायची. मांडव कुणाचाही असो, नवरीला हळद लागायची ती जिवलीच्या गाण्यावर. पण चाळिशीत दमा लागला आणि एका कडव्यात दोनदा थांबायला लागली. त्यातच तिच्या बहिणीच्या मुलीचं, रंजिताचं, लग्न ठरलं. धसईला, वैशाखात.

"रंजीला हलद माज्याच गान्यावर लागंल," जिवली म्हणाली. "दुसरी कोन गायली तर मी मांडवात जेवनार नाय."

म्हणून माघात तिला शहापूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन हजार चार साल होतं. तिच्याकडे निळा पंप होता. तो ओढला की हात थरथरायचे, छाती धडधडायची. ती म्हणायची, "हां, लागलं औषध." पण हल्ली तेवढ्याने भागत नव्हतं.

डॉक्टरांनी तपकिरी पंप दिला. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटो न वाटो, आणि वर गुळण्या करायच्या. मी विचारलं, निळा असताना हा कशाला? त्यांनी कागदावर श्वासाची नळी काढली आणि तिच्या आतल्या कातडीत बारीक रेघा मारल्या.

"या रक्ताच्या शिरा. निळ्या पंपाने नळी सैल होते. निरोगी माणसाच्या या शिराही त्याने रुंद होतात. दम्यात मात्र नळी आतून सुजलेली असते आणि या शिरा निळ्याचं ऐकत नाहीत. तपकिरी रोज घेतला तर सूज उतरते आणि काही आठवड्यांनी त्या ऐकायला लागतात."

"म्हंजे शिरा अगदी आमच्या यांच्यावानी," जिवली माझ्याकडे बोट करून म्हणाली. "कितीबी सांगा, ऐकायचं नाय."

डॉक्टर हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर रोज सकाळी अंगणात गुळण्यांचा मोठा आवाज यायचा. मला बरं वाटायचं. पण शिमगा झाला तरी हंडा उचलून आणला की ती उंबऱ्यावर टेकायचीच. एक दिवस मी फळीवरचा तपकिरी पंप काढला. टोपण नव्हतंच. तोंडाशी कोळ्याने जाळं केलं होतं.

"जिवले, हे काय गो?"

"पानी हाय ते नुसतं. हात थरथरत नाय, छाती धडधडत नाय. लागतच नाय ते औषध."

"मग गुळण्या कशाच्या करतेस?"

"तुमाला बरं वाटावं म्हनून."

यावर रागवायचं कसं? पलीकडे शेजारचा नामा राब भाजत होता, भाताचं रोप पेरायच्या जागेवर पालापाचोळा जाळत होता. धूर घरात येऊ नये म्हणून मी दार लोटून घेतलं होतं.

"राब भाजला त्याच दिवशी रोप दिसतं का गो?" मी विचारलं.

"येड्यावानी काय इचारता? रोप पावसात दिसंल."

"मग आत्ता धूर करून काय मिळतं?"

तिने माझ्या हातातल्या पंपाकडे बघितलं. मग हात पुढे केला. "आना इकडं. पन धुऊन द्या. कोली नाय गिलायचा मला."

त्यानंतर तिने तो रोज घेतला. मी समोर बसायचो. ती मला वाकुल्या दाखवून मग पंप ओढायची.

लग्नाला मुरबाडवरून एसटीने धसईला गेलो. सकाळी हळद होती. मी मांडवाच्या मेढीला टेकून उभा, मुठीत निळा पंप. जिवलीने पहिलं कडवं उचललं. थांबली नाही. दुसऱ्यालाही नाही. श्वास मीच धरून ठेवला होता. तेवढ्यात चुलीकडचा धूर मांडवात वळला आणि ती खोकली. मी पाऊल पुढे टाकलं. तिने डोळे वटारले आणि त्याच चालीवर गायली:

"मांडवाच्या मेढीला कोन गो उबा?
रंजीचा मावसा, मुठीत डबा!"

बायका पोट धरून हसल्या. तिची बहीण पारू तर इतकी, की हळदीची वाटी कलंडली. जिवलीही हसत होती. मला वाटलं, एवढं हसल्यावर आता ती दमणार, बसणार. मी मेढीपाशी तसाच थांबलो. बायकांचं हसू अजून चाललं होतं, तेव्हा तिने रंजीच्या गालाला हळद लावली आणि पुढचं कडवं उचललं.