कायमचा पत्ता

मी शिकवायला उभी राहिले की कुणाचं ऐकत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा बँकेत, बदल्यांची नोकरी. नऊ वर्षांपूर्वी कोलकात्याला आलो. घरी बसून माझा जीव रमेना, म्हणून एका खाजगी इंजिनियरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. साहित्य वगैरे नव्हे. मुलाखतीत तोंड कसं उघडायचं, एवढंच.

आमची निम्मी मुलं लांबच्या जिल्ह्यांतली. गणितात हुशार, पण इंग्रजीत नाव विचारलं तरी घाम फुटायचा. गावाचं नाव ऐकलं की साहेबलोक ओठ मुडपतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मी नियमच करून टाकला. मुलाखतीत गावाचं नाव काढायचं नाही. अर्जात कायमचा पत्ता म्हणून कोलकात्यातल्या मेसचाच, म्हणजे राहत्या खोलीचाच, पत्ता लिहायचा. ‘कुठले?’ म्हणून विचारलं की ‘कोलकाता’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मुलांना नोकऱ्या लागत होत्या, तेव्हा माझं चुकतंय असं मला सांगणार कोण?

सलील महातो असाच लांबच्या पुरुलिया जिल्ह्यातला. पहिल्याच दिवशी इंग्रजीत अडखळत म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे डोंगराखाली पाण्याचं पंपघर आहे. तिथे इंजिनियर टिकत नाही. आई झऱ्यावरून पाणी आणते. मला तिथेच काम करायचंय.”

“आधी वाक्य धड पुरं कर, मग गाव सुधार,” मी म्हटलं. वर्ग हसला. तोही हसला. पुढच्या तीन वर्षांत मी त्याच्या जिभेवरून पुरुलिया घासून काढलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

जानेवारीत पाणीयोजनांचं काम करणारी एक कंपनी मुलाखती घ्यायला आली. साहेब निघाले दिगंबर नेने, आमच्या मराठी मंडळींतले ओळखीचे. मी व्हरांड्यात थांबले होते. सलील बाहेर आला तो मान खाली घालून. मला वाटलं, दमला असेल.

मुलाखती संपल्यावर चहा घेताना दिगंबरराव म्हणाले, “वहिनी, तुमची मुलं इंग्रजी अगदी फर्डं बोलतात हो. पण मला पुरुलियाच्या एका पंपघरासाठी माणूस हवाय. तीन वर्षांत चार इंजिनियर पळाले. मजुरांची बोली कळत नाही, गावात करमत नाही. तिकडचाच कुणी असता तर डोळे मिटून घेतला असता.”

माझा कप बशीवर आदळला. “सलील तिकडचाच आहे!”

“कोण, तो बागबाजारचा? अर्जात तर कोलकात्याचाच पत्ता आहे. मी विचारलं ना त्याला, तिकडची बोली येते का म्हणून. म्हणाला, ‘आय कॅन लर्न, सर.’”

मी सगळं कबूल केलं. दिगंबररावांनी सलीलच्या अर्जाचा शेवटचा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘वरील माहिती खरी आहे’ या ओळीखाली सलीलची सही होती.

“मुख्य कचेरी एकूण एक कागद तपासते. खोट्या पत्त्यावर माणूस घेता येत नाही.”

“पण चूक माझी आहे.”

“सही त्याची आहे, वहिनी.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. पोराचं आयुष्य होतं.

सलील जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी विचारलं, “अरे, बोलला का नाहीस?”

“शब्द ओठांवर आला होता, मॅडम. पण कागद त्यांच्या हातात होता. खरं बोललो असतो तर खोटा ठरलो असतो.”

हे तो इंग्रजीत म्हणाला, आणि त्यात एकही चूक नव्हती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती जागा त्याच्याच वर्गातल्या, सॉल्ट लेकच्या अर्णवला मिळाली. मुलगा भला, पण कोलकात्याबाहेर कधी राहिला नव्हता. सलील आपणहून त्याला म्हणाला, “मी तुला आमची बोली शिकवतो. पंपघर तरी चालू होऊ दे.”

तीन दुपारी माझ्याच वर्गात त्यांची शिकवणी झाली. मी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले. सलील खडू घेऊन फळ्याशी उभा होता. तीन वर्षांत त्याचा मोकळा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेवटच्या दिवशी अर्णवने विचारलं, “‘उद्या पाणी येईल’ कसं म्हणायचं?”

“ते शिकू नकोस,” सलील म्हणाला. “प्रत्येक इंजिनियर तेच सांगून गेलाय. आमच्याकडे आता ते कुणी कानावर घेत नाही. ‘पाणी आलं नाही, चूक माझी’ हे शिक.”

त्याने ते फळ्यावर लिहिलं. मी वहीत उतरवून घेतलं. चूक माझी, हे मी दिगंबररावांना म्हटलं होतं. सलीलला अजून म्हटलं नव्हतं.

अर्णव गेल्यावर मी सलीलसमोर उभी राहिले आणि वहीत बघून त्याच्या आईच्या बोलीत ते दोन शब्द म्हटले. त्याने माझा उच्चार दुरुस्त केला आणि पुन्हा म्हणायला लावलं.