सुरकुत्या मिटवणारा महाराज

सभागृहाबाहेरची रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत आली होती. आत महाराज तारेच्या कड्यावर बसवलेला प्लॅस्टिकचा एक पारदर्शक पापुद्रा घेऊन बसले होते. प्रत्येक रोग्याला नवा पापुद्रा; त्याने खाली तळहात धरला की पापुद्र्यावरच्या सुरकुत्या हळूहळू मिटायच्या. व्याधीही तशीच मिटली, असं ते सांगत.

मग त्याच प्लॅस्टिकची जाड चकती गरम पाण्यात बुडवून दाखवत. चकती टणकच. "गरम पाण्यालाही दाद न देणारं प्लॅस्टिक तुमच्या हाताखाली मऊ पडतं. व्याधी बाहेर पडल्याशिवाय हे होईल का? आता औषधांची गरज कुणाला?"

माझ्या ताईने हे ऐकून फिटच्या गोळ्या बंद केल्या. परवा ती स्वयंपाकघरात कोसळली. कपाळाला टाके पडले, तरी आज पुन्हा रांगेत. मी प्लॅस्टिकच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी समजावून जीभ झिजली, म्हणून सोबत आले.

ताईचा नंबर आला तेव्हा मी पर्समधून कोमट पाण्याची बंद बाटली काढली. "आधी ही धरू का?"

"बाटलीला कसला रोग?" महाराज हसले.

"तेच बघायचंय."

लोक पुढे सरकले. महाराजांना नाही म्हणता येईना. मी बाटली पापुद्र्याखाली धरली. सुरकुत्या मिटल्या.

"मग बरी झाली म्हणायची बाटली," मागून एक आजोबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

मी थकल्या आवाजात सांगितलं, "प्लॅस्टिक ठरावीक उष्णतेला कडकपणा सोडतं. हा पापुद्रा केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ आहे. जाड चकतीतले कण चहूबाजूंनी दाटीत अडकलेले असतात. इथे वरखाली दोन्हीकडे मोकळी हवा, म्हणून ते कमी उष्णतेलाच हलू लागतात. तळहाताची ऊब पुरते. हे नेमकं कसं घडतं यावर आमच्यात अजून वाद आहेत, पण ते आम्ही मोजून सोडवतो."

महाराजांनी साहित्य आवरलं. निम्मी रांग तरीही हलली नाही.

जिन्यात ताईने विचारलं, "मग मला हलकं वाटलं, ते खोटं?"

"वाटलं ते खरंच गं. पण फिट त्याला विचारून येत नाही."

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आधी तीच शिरली.

तुम्हाला एवढंच सांगणं: हात जोडायला कुणाची ना नाही. पण तोच चमत्कार एकदा पाण्याच्या बाटलीवर करून बघा, आणि तोवर गोळ्या चालू ठेवा.