थांबलेलीचा कडा

ती धापा टाकत चढावर पोचली, तसा नवरा दगडावरून उठला, पॅंट झटकली आणि म्हणाला, "चल, निघू या."

सकाळपासून हेच चाललं होतं. हा गडी पुढे जायचा, झकास जागा बघून बसायचा, पाणी प्यायचा, वारा खायचा, आणि ती पोचली रे पोचली की चालू पडायचा. म्हणजे विश्रांती दर वेळी त्याचीच. वर पुन्हा ऐकवायचा, तुझ्यासाठी किती थांबावं लागतं बघ. पिशवी मात्र तिच्या खांद्यावर. डबा, टॉवेल, गाडीची किल्ली, सगळं त्या पिशवीत. लग्न झाल्यापासून तिचं बहुतेक बोलणं त्याच्या पाठीशीच झालं होतं.

आज मात्र त्याला गाठायचंच होतं. सकाळी गाडीतून उतरून बुटाच्या नाड्या बांधता बांधता त्याने सांगून टाकलं होतं की तिच्या शिवणाच्या दुकानाचा गाळा तो धाकट्या भावाला देतोय. तुझे डोळे आता थकले, त्याला मोबाइल दुरुस्तीला जागा हवीय, वाटेच्या टोकाला दीपगृहापाशी रेंज मिळते, तिथून कळवून टाकतो. झालं! गाळा तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेला, मशीन तिचं, गिऱ्हाइकं तिची, आणि निर्णय परस्पर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती तोंड उघडेपर्यंत स्वारी पायवाटेला लागलीसुद्धा.

वाट कड्याच्या अगदी कडेने जात होती. एका अंगाला काटेरी झुडपं, दुसऱ्या अंगाला सरळ खाली समुद्र. वारा असा की मारलेली हाक आपल्याच तोंडावर यावी. "अहो, थांबा जरा," असं ती दोनदा ओरडली. त्याने मागे न बघता नुसता हात हलवला.

वळणावर पाण्यात एकटाच उभा असलेला काळा सुळका दिसला. त्याला सगळे 'थांबलेली' म्हणत. फार पूर्वी एक राक्षस आणि त्याची बायको या किनाऱ्याने निघाले होते म्हणे. बायको मागे पडली, थांबा थांबा म्हणत राहिली, आणि तिथेच तिचा दगड झाला. ही गोष्ट नवरा चारचौघांत तिच्याकडे बघत सांगायचा. लोक हसायचे, तीही हसायची. आज सुळक्याकडे बघताना तिच्या मनात आलं, दमून कधी कुणाचा दगड होतो का? बाई संतापली असणार. आणि त्या राक्षसाचं पुढे काय झालं, हे मेलं कुणी विचारतसुद्धा नाही.

सुळक्याच्या समोरच वाट ढासळली होती. उरली होती जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी, आणि धरायला खडकात ठोकलेली साखळी. पट्टीच्या अलीकडे नवरा खाली बसला होता, पाठ खडकाला घट्ट लावून. तरुणपणी मी इथून पळत गेलोय, असं सांगणाऱ्याची पाचावर धारण बसली होती. ओठ पांढरे पडले होते.

"परत फिरू या," तो म्हणाला. "तुला जमायचं नाही."

ती त्याच्यासमोर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो उठून पुढे जाणार नव्हता.

"दुकान मी देणार नाही."

"अगं, ते आत्ता कशाला? आधी मला इथून बाहेर पडू दे."

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग उठून साखळी धरली. खाली लाटा फुटत होत्या. पण रागाचाही माणसाला आधार होतो. त्याच्या जोरावर ती इंच इंच सरकत पलीकडे गेली. मागून "अगं, थांब!" ऐकू आलं. तिने मागे न बघता नुसता हात हलवला.

दीपगृहापाशी खरंच रेंज होती. तिने दिराला फोन लावून गाळा मिळणार नाही म्हणून सांगितलं. दादा तर आज होकार कळवणार होता, असं तो कुरकुरला. गाळा दादाचा नाही, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मग सावलीतल्या बाकावर बसली. पाणी प्यायली. वारा खाल्ला.

बऱ्याच वेळाने नवरा आला. गाडीची किल्ली पिशवीत होती, न येऊन करतो काय? पट्टी त्याने रांगतच पार केली असावी, कारण पॅंट गुडघ्यावर फाटली होती. तो कसाबसा बाकापाशी पोचला, हुश्श करून टेकला आणि खिशातून फोन काढला.

"कळवून टाकतो त्याला," तो म्हणाला.

तिने फाटलेल्या गुडघ्याकडे शिवणाऱ्या बाईच्या नजरेने बघितलं.

"ही सोमवारी दुकानात आणून द्या," ती म्हणाली. "नंबर लागेल तेव्हा शिवून देईन."

मग ती उठली, कपडे झटकले आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"चला, निघू या."