अठ्ठावीस पुस्तकं बाइंडिंगला

श्रद्धा तुपेचा तुम्हाला राग का येतो, असं शरच्चंद्र वाकणकरांना कुणी विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, "राग? छे हो! माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी ती." आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलले नसते. राग नव्हताच तो. चांगला जळफळाट होता, उगाच कशाला लपवायचं?

गोष्ट दोन हजार एक सालची. पुण्यातल्या चार कॉलेजांनी आपली ग्रंथालयं मिळून चालवायचं ठरवलं आणि त्यासाठी एक मंडळ नेमलं. एकच महागडं नियतकालिक चौघांनी कशाला घ्यायचं? एकानं घ्या, बाकीच्यांनी मागवा. मंगळवारी आणि शुक्रवारी एक टेम्पो चारही ठिकाणी फिरेल, पुस्तकं नेईल, आणेल. इथवर शरच्चंद्रांची काही हरकत नव्हती. पुढचं कलम मात्र झोंबलं. नव्या पुस्तकांची नोंद, विषयक्रमांक, कॉम्प्युटरवरची सूची, हे चौघांचं काम आता एकाच ठिकाणी व्हायचं होतं. बाकीच्या तिन्ही ठिकाणच्या सूचीकारांनी काउंटरवर बसून शिक्के मारायचे.

ते एक ठिकाण म्हणजे एकतर शरच्चंद्रांचं शहरातलं जुनं कॉलेज, नाहीतर हडपसरचं नवं. आणि हडपसरला ग्रंथपाल होती श्रद्धा तुपे.

शरच्चंद्रांनी सव्वीस वर्षं पुस्तकांच्या सूचीची कार्डं लिहिली होती. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि दुसरं काही त्यांना नकोही होतं. सहा वर्षांपूर्वी श्रद्धा त्यांच्याकडे तीन महिने उमेदवारीला आली, तेव्हा तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते. शेतकऱ्याची मुलगी, तिच्या वडिलांच्या बांधाला लागून आता आयटीवाल्यांच्या इमारती उठत होत्या. शरच्चंद्रांनी तिच्याकडून एकेक कार्ड चार-चारदा लिहून घेतलं. शब्द रेघेवर बसला पाहिजे म्हणजे बसलाच पाहिजे. आणि आता ही बया बैठकीत कॉम्प्युटर चालवून दाखवते काय, अन् मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब "वा! वा!" करतात काय! सव्वीस वर्षांत शरच्चंद्रांच्या वाट्याला त्यातला एक 'वा' आला नव्हता.

पहिल्याच मंगळवारी टेम्पोवाला संपत हडपसरच्या तीन मागण्या घेऊन आला. शरच्चंद्रांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालव्यांचे जुने अहवाल, इनामगावांच्या मोजण्या; दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात नसलेला ऐवज. त्यांनी कार्डं काढून पाहिली. तिन्हींवर अक्षर श्रद्धाचंच, त्या तीन महिन्यांतलं.

"अस्सं! इथंच शिकायचं आणि इथलीच मलई पळवायची!"

त्यांनी तिन्ही पुस्तकं मांडणीवरून काढून आपल्या लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चिठ्ठ्यांवर लिहिलं, 'बाइंडिंगला.' पुस्तक द्यायचं नसलं की ग्रंथालयात म्हणायचा हा जुनाच मंत्र. बाइंडरकडे जाऊन खातरजमा केलेला वाचक अजून जन्माला यायचाय.

शुक्रवारी चार मागण्या आल्या. बाइंडिंगला. पुढच्या मंगळवारी आणखी तीन. बाइंडिंगला.

"साहेब, तुमची पुस्तकं लई आजारी पडत्यात की," संपत म्हणाला.

"वय झालंय त्यांचं. तुझा टेम्पो बघ."

महिन्याभरात कपाटात अठ्ठावीस पुस्तकं जमली. शरच्चंद्रांना तेवढीच झोप बरी लागू लागली. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. पूर्वी असली चिठ्ठी केराच्या टोपलीत जायची. आता परत गेलेली प्रत्येक चिठ्ठी मंडळाच्या कॉम्प्युटरवर चढत होती.

सूचीचं ठिकाण ठरवायच्या शेवटच्या बैठकीत रावसाहेबांनी लांबलचक कागद उलगडला. "वाकणकर, हडपसरच्या अठ्ठावीस मागण्या, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बाइंडिंगला. आपण ग्रंथालय चालवता की कारखाना?"

सगळे हसले. श्रद्धा हसली नाही, ती मान खाली घालून बसली होती. कागाळी करून आता लाजतेय, शरच्चंद्र मनात म्हणाले.

"जुनी पुस्तकं आहेत, साहेब. शिवण सुटते."

"नेमकी हीच? बरं, आता हे ऐका." रावसाहेबांनी फाइलमधून एक पत्र काढलं. "तुपेबाईंनी मला महिन्यापूर्वी दिलंय. 'सूचीचं काम शहरातल्या कॉलेजातच व्हावं आणि वाकणकर सर प्रमुख असावेत. कॉम्प्युटर मी सांभाळेन, पण पुस्तक हातात घेताच त्याचा विषय सांगणारा माणूस आपल्यात दुसरा नाही. हवं तर परीक्षा घ्या. इतरत्र नसलेली आणि मी स्वतः सरांकडे कार्डं लिहिलेली अठ्ठावीस पुस्तकं मी मागवते. दर फेरीला हजर होतील, बघा.'"

रावसाहेबांनी चष्मा काढला. "घेतली परीक्षा. एकही आलं नाही. जिथं पुस्तकंच जागेवर नाहीत, तिथं चौघांची सूची कुठल्या भरवशावर ठेवू?"

सूची हडपसरला गेली.

शरच्चंद्र एक वाक्य बोलले असते तर अजूनही काही वाचलं असतं. पण म्हणायचं काय? की हिचा हेवा वाटला म्हणून पुस्तकं कुलपात कोंडली? अख्ख्या मंडळासमोर? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

"बाइंडिंगहून कधी येतायत?" रावसाहेबांनी विचारलं.

"शुक्रवारी."

"मग शुक्रवारी हडपसरला पाठवून द्या. आता तिथंच राहू देत."

शुक्रवारी संपत गठ्ठे उचलता उचलता थबकला. "साहेब, ह्याचा तर दोरा लोंबतोय. बाइंडिंग कुठं हाय?"

"तू गाडी चालव."

टेम्पो गेला. आता श्रद्धा पहिलंच पुस्तक उघडेल, तीच जुनी फाटकी पाठ बघेल आणि रावसाहेबांना फोन लावेल. शनिवारी फोन वाजला की शरच्चंद्रांना घाम फुटायचा. सोमवारीही तेच. शिव्या दे बाई, तक्रार कर, पण काय ते एकदा होऊन जाऊ दे, असं त्यांना झालं.

मंगळवारी संपतनं पोचपावती आणली. 'अठ्ठावीस पुस्तकं मिळाली. बाइंडिंग उत्तम झालं आहे. — श्रद्धा तुपे.'

शरच्चंद्रांनी ती दोनदा वाचली. काउंटरवर मुलांची रांग लागली होती, शिक्का तसाच पडला होता. कागदावरचा शब्द न् शब्द रेघेवर बसलेला, त्यांनी शिकवला होता तसाच. त्यांनी खणातून स्वतःच्या हातचं एक कार्ड काढलं आणि पावतीशेजारी ठेवून पाहिलं.

तिचंच अक्षर जास्त सुरेख होतं.